क्लूनीचं चर्च: सोनं आलं कुठून, दगड गेले कुठे

फ्रान्सच्या बर्गंडी प्रांतात क्लूनी हे लहानसं गाव आहे. तिथल्या एका साध्या रस्त्यावरून जाताना आपण चर्चच्या मधोमध चाललोय, हे कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. चर्च जागेवर नाहीच. एके काळी ते सगळ्या ख्रिस्ती जगातलं सर्वांत मोठं चर्च होतं. पुढचा प्रवेशमंडप धरून १८७ मीटर लांब, आणि रोममधलं आजचं सेंट पीटर्स उभं राहीपर्यंत त्याला तोड नव्हती.

मठाची स्थापना ९१० मधली. अक्विटेनच्या ड्यूक विल्यमने जागा दिली आणि दानपत्रात एक वेगळी अट घातली: या मठावर कोणाही राजा-सरदाराची सत्ता चालणार नाही, खुद्द आपल्या वारसांचीही नाही. मठ संत पीटर आणि संत पॉल यांचा, राखण पोपची. अशी एक कथा सांगतात की, पहिला मठाधिपती बेर्नो याने हीच जागा मागितली तेव्हा ड्यूक कुरकुरला, कारण तिथे त्याचे शिकारी कुत्रे होते. बेर्नो म्हणाला, कुत्रे हलवा आणि संन्यासी ठेवा, देवाच्या दरबारी कोणाचं पुण्य जास्त लागेल ते तुम्हीच ठरवा. कथा खरी असो-नसो, क्लूनीचा व्यवहार मात्र नेमका हाच होता. जमीन आणि पैसा तुमचा, प्रार्थना आमची.

त्यातही मेलेल्यांसाठीची प्रार्थना. २ नोव्हेंबरला वसईत आणि गोव्यात कॅथलिक कुटुंबं दफनभूमीत जाऊन थडग्यांवर मेणबत्त्या लावतात. तो दिवस मृतांच्या स्मरणासाठी ठरवून दिला क्लूनीच्याच ओदिलो या मठाधिपतीने, सुमारे हजार वर्षांपूर्वी. आपल्या माणसाचं नाव क्लूनीच्या प्रार्थनेत यावं म्हणून युरोपभरचे जमीनदार शेतं, गिरण्या, द्राक्षमळे मठाच्या नावे करत गेले. मठाधिपतीही दीर्घायुषी निघाले. ९५४ ते ११०९ या दीडशे वर्षांत फक्त तिघे: मायोल, ओदिलो आणि ह्यूग. धोरण न बदलण्याचं हे सुख राजघराण्यांनाही क्वचितच मिळालं.

ह्यूगच्या काळात संन्याशांची संख्या तीनशेच्या घरात गेली आणि जुनं चर्च अपुरं पडू लागलं. हे लोक दिवसाचे कितीतरी तास उभ्याने स्तोत्रं गात, त्यामुळे जागेची अडचण खरी होती. तरी एवढ्या अफाट बांधकामाला वरून आज्ञा हवीच. ती गुंझो नावाच्या एका वृद्ध, लुळ्या पडलेल्या संन्याशाच्या स्वप्नात आली. संत पीटर, पॉल आणि स्टीफन दोऱ्या ताणून जमिनीवर आखणी करताहेत, असं ते स्वप्न. बाराव्या शतकातल्या एका हस्तलिखितात त्याचं चित्रही आहे. गुंझो उत्तम गायक होता, आणि आज्ञा गायकाला मिळाली यात काही नवल नाही. ही इमारत गाण्यासाठीच तर होती.

काम सुरू झालं १०८८ मध्ये. दैवी आखणी स्वप्नात मिळाली तरी गवंड्यांची मजुरी रोखच द्यावी लागते. ती स्पेनमधून आली. लिऑन-कॅस्टीलचा राजा अल्फोन्सो सहावा भावाच्या कैदेतून सुटला, त्याचं श्रेय त्याने क्लूनीच्या प्रार्थनेला दिलं आणि बापाने सुरू केलेली वार्षिक देणगी दुप्पट केली, वर्षाला २००० सुवर्णनाणी. हे सोनं त्याचं स्वतःचं नव्हतं. दक्षिणेतल्या मुस्लिम राज्यांकडून मिळणारी ती खंडणी होती. म्हणजे ख्रिस्ती जगातल्या सर्वांत मोठ्या चर्चच्या भिंती बऱ्याच अंशी अंदालुसियाच्या सोन्यावर चढल्या. १०८६ नंतर उत्तर आफ्रिकेतून अल्मोराविद हे मुस्लिम राज्यकर्ते आले, खंडणी हळूहळू आटली, आणि मठाचा हात आखडला. पुढे ११४२ मध्ये मठाधिपती ‘पूज्य’ पीटर स्पेनला गेला. बुडीत देणगीची बोलणी करायची होतीच, पण तिथेच त्याने कुराणाचं पहिलं लॅटिन भाषांतरही करवून घेतलं.

इमारत कशी होती? मधला मंडप साधारण ३० मीटर उंच, त्याच्या दोन्ही बाजूंना दोन-दोन पडव्या. क्रूसाच्या आकारात आडवे हात सहसा एकदाच येतात, इथे ते दोनदा आले. पूर्वेला वेदीभोवती फेरी मारायला प्रदक्षिणामार्ग आणि त्याला लागून बाहेर फुगलेली पाच छोटी प्रार्थनाघरं. टोकदार कमानी इथे गॉथिक शैलीच्या आधीच दिसतात. जवळच्या ओतँ गावातल्या रोमन वेशी पाहून भिंतींवर पन्हाळी खोदलेले चपटे खांब काढले. आणि या सगळ्यावर अखंड दगडी कमानछत. असं छत भिंतींना सतत बाहेर रेटतं. त्यात भिंतीच्या माथ्यावर खिडक्या ठेवण्याचं धाडस केलेलं. ११२५ मध्ये मंडपाच्या छताचा भाग कोसळला. योगायोग असा की, साधेपणाचा आग्रह धरणाऱ्या सिस्टर्शियन पंथाचा मठाधिपती, क्लेअरवॉचा बर्नार्ड, याने क्लूनीकरांच्या अतोनात उंच, लांब, रुंद चर्चवर टीका केली ती याच सुमाराची. भिंती झळाळतात आणि गरीब उघडा राहतो, असा त्याचा रोख होता. छत पुन्हा चढवलं आणि ११३० मध्ये पोप इनोसंट दुसरा याच्या हस्ते चर्चचं अर्पण झालं.

नंतरची शतकं उतरणीची. मठाधिपतीपद हे राजाने खिशातून काढून द्यायचं वतन झालं. रिशल्यू आणि माझारँ हे फ्रान्सच्या राजांचे दोन्ही मंत्री कागदोपत्री क्लूनीचे मठाधिपती होते.

हे चर्च फ्रेंच क्रांतीतल्या जमावाने पाडलं अशी समजूत आहे, ती अर्धीच खरी. १७९० मध्ये मठ बंद झाला, १७९३ मध्ये लूटमार आणि कागदपत्रांची होळी झाली, पण इमारत उभी राहिली. तिचा घास घेतला तो भंगाराच्या हिशेबाने. १७९८ मध्ये ती व्यापाऱ्यांना विकली गेली आणि तिची दगडखाण झाली. मंडपातून आडवा रस्ता काढला. १८१० मध्ये पश्चिमेचं कोरीव दार सुरुंग लावून उडवलं. हे काम १८२३ पर्यंत, म्हणजे राजेशाही परतल्यानंतरही, चालू होतं. मधल्या काळात नेपोलियनच्या हुकमाने तिथे सरकारी घोड्यांची पागा बांधली, अर्थात चर्चच्याच दगडांत. बेर्नोने हलवलेल्या कुत्र्यांच्या जागी असे घोडे आले.

आज जेमतेम दहावा हिस्सा उरलाय. मोठ्या आडव्या हाताची दक्षिण बाजू आणि तिच्यावरचा अष्टकोनी घंटाबुरूज. बाकीचा आराखडा हार्वर्ड विद्यापीठाचे वास्तुइतिहासकार केनेथ कोनंट यांनी १९२८ पासून पायाचे खड्डे खणून जुळवला. वेदीभोवतीच्या खांबांचे आठ माथे वाचले, ते मठाच्या धान्यकोठारात ठेवलेत. मुळात ते मान वर करून पाहायचे होते, आता जवळून न्याहाळता येतात. त्यांतल्या दोन माथ्यांवर चर्चसंगीताचे आठ स्वरप्रकार माणसांच्या रूपात कोरलेत. चौथ्या स्वराचा माणूस वाकून उभा आहे, खांद्यावर कावडीसारखा दांडा, दांड्याला घंटा लटकलेल्या. भोवतीच्या लॅटिन ओळीत लिहिलंय की, हा स्वर विलापाचा.