हॉट लॅटिन साँग्स की लॅटिन एअरप्ले? 56 आणि 20 आठवड्यांचा घोळ

"डेस्पासितो 56 आठवडे एक नंबरवर होतं आणि आ पुरो दोलोर फक्त 20, म्हणजे बघा किती फरक" असं कोणी म्हटलं की मला राहवतच नाही. ही दोन्ही स्पॅनिश गाणी, दोन्ही आकडे खरे आहेत, बिलबोर्ड या अमेरिकन संगीत मॅगझिनच्या हॉट लॅटिन साँग्स या एकाच चार्टचे (म्हणजे लोकप्रिय गाण्यांच्या क्रमवारीचे) आहेत, पण मधल्या काळात तो चार्टच आतून बदललाय.

आधी एक गोष्ट, हॉट लॅटिन साँग्स आणि लॅटिन एअरप्ले हे दोन्ही चार्ट अमेरिकेतले आहेत, मेक्सिको किंवा कोलंबियात काय वाजतंय ते यात नाही. हॉट लॅटिन साँग्स 1986 मधे सुरू झाला आणि कितीतरी वर्षं तो निव्वळ रेडिओचा चार्ट होता. अमेरिकेतली स्पॅनिश स्टेशन्स गाणं किती वेळा लावतात आणि ते किती लोकांच्या कानावर पडतं एवढंच त्यात धरायचे, त्यामुळे रात्री तीनला लहान गावात वाजलेलं गाणं आणि सकाळी ऑफिसच्या वेळेला मायामीत वाजलेलं गाणं सारखं नसायचं.

2000 साली प्वेर्तो रिकोच्या सोन बाय फोर या ग्रुपच्या आ पुरो दोलोरने 20 आठवडे काढले ते या हिशोबात. पनामाच्या ओमर आल्फान्नोने लिहिलेलं विरहाचं गाणं, आणि त्याची एक बॅलड आवृत्ती आणि एक साल्सा आवृत्ती, म्हणजे पॉप स्टेशनला बॅलड द्यायचं आणि ट्रॉपिकल स्टेशनला साल्सा, एकच गाणं दोन्ही दारांतून आत! मला तरी हे फार हुशारीचं वाटतं, कारण तेव्हा श्रोत्याच्या हातात काहीच नव्हतं, काय वाजवायचं ते स्टेशनवाले ठरवायचे.

मग ऑक्टोबर 2012 मधे बिलबोर्डने हॉट लॅटिन साँग्समधे स्ट्रीमिंग आणि डिजिटल विक्री घातली, शिवाय रेडिओसुद्धा फक्त स्पॅनिश स्टेशन्सचा न धरता सगळ्याच प्रकारच्या स्टेशन्सचा धरायला लागले. जुनी रेडिओची पद्धत लॅटिन एअरप्ले या नावाने वेगळी चालू राहिली. गोंधळ होतो तो इथेच, कारण जुनं नाव गेलं नव्या मिश्र चार्टला आणि जुनं काम राहिलं नव्या नावाकडे.

डेस्पासितोचे 2017 पासूनचे 56 आठवडे या मिश्र चार्टवरचे आहेत. जस्टिन बीबरचा रीमिक्स आल्यावर इंग्रजी स्टेशन्सनीही ते उचलून धरलं, लोक फोनवर पुन्हा पुन्हा ऐकत होते, आणि ते सगळं मोजलं गेलं. एन्रिके इग्लेसियासच्या बायलांदोचे 2014 पासूनचे 41 आठवडेपण तसेच. डेस्पासितो गाणाऱ्या लुइस फोन्सीचं यश यामुळे कमी होत नाही, पण आ पुरो दोलोरच्या शेजारी ठेवायचंच असेल तर शकिरा आणि अलेहांद्रो सान्झचं ला तोर्तुरा ठेवा, 2005 साली 25 आठवडे, सगळे रेडिओवरचे, आणि 20 चा विक्रम मोडला तो त्याच गाण्याने.