इंग्रजीतील लोकव्युत्पत्ती

शब्दाचे मूळ विस्मरणात गेले की बोलणारे त्याला ओळखीच्या शब्दांच्या आधाराने नवा अर्थ लावतात. याला लोकव्युत्पत्ती म्हणतात. इंग्रजीत ती दोन तऱ्हांनी दिसते आणि त्यांची गल्लत करता कामा नये. पहिल्या तऱ्हेत शब्दाचे रूपच बदलते. हा बदल भाषेच्या इतिहासाचा खरा भाग असतो. दुसऱ्या तऱ्हेत शब्द जसाच्या तसा राहतो, त्याच्याभोवती फक्त एक कहाणी रचली जाते.

पहिल्या तऱ्हेचा ठसठशीत नमुना म्हणजे ‘ब्राइडग्रूम’. जुन्या इंग्रजीत हा शब्द ‘ब्रिडगुमा’ असा होता: ‘ब्रिड’ म्हणजे वधू, ‘गुमा’ म्हणजे पुरुष. पुढे ‘गुमा’ वापरातून गेला आणि जोडशब्दाचा उत्तरार्ध कुणालाच कळेनासा झाला. सोळाव्या शतकात त्या जागी उच्चाराने जवळचा ‘ग्रूम’ (पोऱ्या, चाकर) येऊन बसला. घोड्याच्या मोतद्दाराला ग्रूम म्हणतात, पण नवरदेवाचा त्याच्याशी मुळात काही संबंध नाही. ‘क्रेफिश’मधला ‘फिश’ही असाच. फ्रेंचमधून आलेल्या ‘क्रेव्हिस’च्या शेवटच्या अक्षराला माशाचा आकार मिळाला, प्राणी मात्र मासा नव्हे. मराठी ‘मुंगूस’ इंग्रजीत गेला तेव्हा त्याच्या शेवटाला ‘गूस’चे रूप मिळाले. तरीही अनेकवचन ‘मंगूसेस’ असेच होते. ‘गूस’चे ‘गीस’ होते तसे येथे करणे चूक.

शब्दाची सीमा सरकल्यानेही रूप बदलते. इंग्रजीत स्वरापूर्वी ‘अ’ऐवजी ‘अ‍ॅन’ हे उपपद येते. बोलताना उपपद आणि नाम एका श्वासात उच्चारले जातात, त्यामुळे मधला ‘न’ कुणाचा हे ऐकणाऱ्याला ठरवता येत नाही. ‘अ नेप्रन’चे ‘अ‍ॅन एप्रन’ झाले ते असे. त्याच कुळातल्या ‘नॅपकिन’ने आपला ‘न’ राखला आहे, म्हणून मूळ ओळखता येते. एका सापाचे नाव ‘अ‍ॅडर’ हेही पूर्वी ‘न’ने सुरू होत असे. उलट दिशेने ‘अ‍ॅन ईकनेम’ (‘ईक’ म्हणजे आणखी, जादा) याचे ‘अ निकनेम’ झाले.

हा दोष फक्त अडाण्यांच्या माथी मारणे अन्यायाचे ठरेल. ‘डेट’ (कर्ज) हा शब्द फ्रेंचमधून ‘ब’शिवाय आला होता, लॅटिन ‘देबितुम’ची आठवण ठेवण्यासाठी पंडितांनी लिखाणात ‘ब’ घातला. उच्चारात तो कधी उतरलाच नाही. येथे निदान मूळ तरी बरोबर होते. ‘आयलंड’च्या लेखनात घुसवलेला ‘स’ सपशेल चुकीचा आहे. तो शब्द अस्सल जर्मानिक (म्हणजे इंग्रजीच्या स्वतःच्या भाषाकुळातला), आणि त्याला लॅटिनमधून आलेल्या ‘आइल’चा (बेट) नातेवाईक समजले गेले.

दुसऱ्या तऱ्हेत आद्याक्षरांच्या कहाण्या सर्वांत जास्त पसरतात. ‘न्यूज’ म्हणजे चार दिशांची आद्याक्षरे, असे हमखास सांगितले जाते. प्रत्यक्षात तो ‘न्यू’ या विशेषणाचाच अनेकवचनी वापर आहे, म्हणजे ‘नव्या गोष्टी’. फ्रेंचमध्येही बातम्यांसाठी नेमकी अशीच रचना आहे. ‘गोल्फ’ म्हणजे ‘जंटलमेन ओन्ली, लेडीज फॉरबिडन’ (फक्त पुरुषांसाठी, स्त्रियांना मज्जाव) ही कहाणीही निराधार आहे, कारण स्कॉटलंडच्या संसदेने 1457 मध्ये या खेळावर बंदी घातली तेव्हाच हे नाव रूढ होते. आद्याक्षरे जोडून उच्चारता येणारा शब्द बनवण्याची चाल विसाव्या शतकापूर्वी जवळजवळ नव्हतीच. ‘रडार’, ‘लेझर’ ही त्या शतकाची अपत्ये. म्हणून जुन्या शब्दाची अशी फोड दिसली की आधी संशय घ्यावा.

‘ओके’ मात्र खरोखर आद्याक्षरांचा आहे. 1830 च्या दशकात बॉस्टनच्या वर्तमानपत्रांत मुद्दाम चुकीचे स्पेलिंग करून त्याची आद्याक्षरे छापण्याची टूम होती. ‘ऑल करेक्ट’चे ‘ओल कोरेक्ट’ करून ‘ओके’ हे रूप 23 मार्च 1839 रोजी ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये छापले गेले. पुढच्याच वर्षी अध्यक्षपदाचे उमेदवार मार्टिन व्हॅन ब्यूरेन यांच्या ‘ओल्ड किंडरहूक’ या टोपणनावाची आद्याक्षरेही तीच निघाली आणि प्रचारात शब्द देशभर गेला. त्या लाटेतले बाकीचे संक्षेप विरून गेले. हा माग अमेरिकन भाषा-अभ्यासक अ‍ॅलन वॉकर रीड यांनी 1960 च्या दशकात जुनी वर्तमानपत्रे चाळून काढला.

व्युत्पत्ती पडताळताना पहिला प्रश्न तारखेचा: शब्दाचा सर्वांत जुना लेखी दाखला कोणता, आणि तेव्हा अर्थ काय होता? दाखला कहाणीपेक्षा जुना निघाला तर कहाणी तिथेच संपते. मात्र पहिला दाखला म्हणजे शब्दाचा जन्मदिवस नव्हे. बोलण्यात तो आधीपासून असू शकतो. दुसरा प्रश्न ध्वनीचा, आणि नवखे येथेच फसतात. संस्कृत-लॅटिनमधल्या ‘प’, ‘त’च्या जागी इंग्रजीत बहुधा ‘फ’, ‘थ’ येतात: पितृ–फादर, त्रि–थ्री. लॅटिनच्या ‘क’ला इंग्रजीत ‘ह’ येतो. त्यामुळे लॅटिन ‘हाबेरे’ (जवळ असणे) आणि इंग्रजी ‘हॅव’ दिसायला आणि अर्थाला सारखे असूनही एका मुळाचे नाहीत. ‘हॅव’चे खरे भावंड ‘कापेरे’ (पकडणे). फारसी ‘बद’ आणि इंग्रजी ‘बॅड’ यांचे साम्य तर निव्वळ योगायोग आहे. फारसी शब्द मागे नेला की ‘व’ने सुरू होणारे रूप हाती लागते.

दाखल्यांवर आधारलेल्या कोशांत ऑक्सफर्डचा इंग्रजी कोश सर्वांत भरवशाचा. जेम्स मरे यांच्या संपादनाखाली त्याचा पहिला भाग 1884 मध्ये निघाला, काम 1928 मध्ये पुरे झाले. वाचकांनी चिठ्ठ्यांवर उतरवून पाठवलेली अवतरणे हा त्याचा पाया. अशा कोशात ‘मूळ अज्ञात’ असा शेरा आढळला तर ती उणीव समजू नये. ‘डॉग’ हा रोजच्या वापरातला शब्द त्यांतलाच. जुन्या इंग्रजीत कुत्र्याला सर्रास ‘हुंड’ म्हणत. ‘डॉग’चे पूर्वरूप तुरळकच सापडते, आणि शेजारच्या भाषांत त्याचे मूळचे भावंड मिळत नाही.