आभासी विमानसेवांच्या ताफ्यातील बोइंग ७३७ चे उपप्रकार

आभासी विमानसेवा अर्थात व्हर्च्युअल एअरलाइन ही फ्लाइट सिम्युलेटरवर उड्डाण करणाऱ्या हौशी वैमानिकांची संघटना असून, खऱ्या विमान कंपनीप्रमाणे तिचे मार्ग, वेळापत्रक, वैमानिकांच्या श्रेणी आणि विमानांचा ताफा ठरलेला असतो. अशा ताफ्यांत बोइंग ७३७ नेक्स्ट जनरेशन ही विमानमालिका फार मोठ्या प्रमाणावर आढळते. तिच्यात -६००, -७००, -८०० व -९०० हे उपप्रकार आणि पुढे आलेला -९००ईआर यांचा समावेश होतो. सर्वांचे कॉकपिट जवळपास सारखे असते, इंजिने सीएफएम५६-७बी या एकाच कुळातील असतात आणि प्रत्यक्ष वैमानिकालाही हे सर्व उपप्रकार एकाच टाइप रेटिंगवर, म्हणजे विशिष्ट विमानप्रकार उडवण्याच्या परवान्यावर, उडवता येतात. यामुळे नवख्या सदस्याला हा फरक केवळ आसनसंख्येचा वाटतो. हा समज चुकीचा आहे, कारण विमानाची लांबी बदलली की ते हाताळण्याची रीतही बदलते.

-६०० ची लांबी ३१.२ मीटर, -७०० ची ३३.६, -८०० ची ३९.५ आणि -९०० ची ४२.१ मीटर आहे. मुख्य चाकांच्या मागचा भाग जितका लांब, तितकी नाक उचलताना शेपूट धावपट्टीला घासण्याची शक्यता अधिक. चाके जमिनीवर असताना -७०० ची शेपूट सुमारे १४.७ अंशांच्या कोनात टेकते, तर -८०० ची ११ आणि -९०० ची १० अंशांतच टेकते. -७०० वर हात बसलेल्या सदस्याने त्याच सवयीने -९०० चे नाक झपाट्याने उचलले, तर शेपूट घासलीच म्हणून समजावे. उतरतानाही हाच प्रश्न उभा राहतो. शेपटीला पुरेसे अंतर मिळावे म्हणून लांब उपप्रकारांचा अंतिम टप्प्यातील वेग जास्त ठेवावा लागतो, आणि वेग वाढला की धावपट्टीही अधिक लागते. रिओ दि जानेरोच्या सांतोस दुमोंत विमानतळाची मुख्य धावपट्टी अवघी १,३२३ मीटर आहे. तेथे -८०० उतरवता यावे यासाठी ब्राझीलच्या गोल कंपनीच्या मागणीवरून बोइंगने आखूड धावपट्टीसाठीच्या सुधारणांचा खास संच विकसित केला. या विमानतळाचा मार्ग ताफ्यात घेणाऱ्या आभासी विमानसेवेने आपल्या -८०० मध्ये या सुधारणा आहेत की नाहीत, हे आधी पाहायला हवे.

वजनाच्या बाबतीत मूळ -९०० चे उदाहरण सर्वांत बोलके आहे. त्याचे कमाल उड्डाणवजन -८०० इतकेच, म्हणजे सुमारे ७९ टन आहे, इंधनाच्या टाक्याही तेवढ्याच आहेत आणि आपत्कालीन दारे न वाढल्याने प्रवाशांची मर्यादाही १८९ वरच राहिली. लांबी वाढूनही हाती फारसे काही न लागल्याने अशी केवळ ५२ विमाने बनली. -९००ईआर मध्ये दारांची एक जोडी वाढवण्यात आली, मागील दाबभिंत (केबिनमधील हवेचा दाब रोखून धरणारी शेपटीकडची भिंत) सपाट करून केबिनमधील जागा वाढवण्यात आली आणि कमाल उड्डाणवजन सुमारे ८५ टनांपर्यंत गेले. तरीही फ्लाइट प्लॅनमध्ये दोन्हींचा संकेत बी७३९ हाच असल्याने, इंधन व भाराचा हिशेब करणाऱ्या सिमब्रीफसारख्या सेवेत प्रत्येक विमानासाठी रिकामे वजन, कमाल वजने आणि आसनसंख्या यांची स्वतंत्र नोंद करणे आवश्यक ठरते.

सिम्युलेटरमध्ये नेमकी येथेच गफलत होते. विमानाचा बाह्य रंग ही एक गोष्ट आणि त्याच्या उड्डाणाचे गणित ही दुसरी. -८०० च्या प्रतिकृतीवर -९००ईआर चा नोंदणी क्रमांक रंगवला, तरी ती वागते -८०० सारखीच. सिम्युलेटरसाठी विमानांच्या प्रतिकृती बनवणाऱ्या पीएमडीजी या कंपनीने मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरसाठी २०२२ पासून हे उपप्रकार वेगवेगळे उपलब्ध केले असले, तरी सदस्याकडे एकच उपप्रकार असणे स्वाभाविक आहे. काही आभासी विमानसेवा अशा वेळी पर्यायी उपप्रकाराला मुभा देतात. नवीन सदस्याचा खर्च पाहता ही मुभा योग्यच आहे, मात्र भाराचा हिशेब प्रत्यक्ष उडवलेल्या उपप्रकारानुसारच झाला पाहिजे.

बंद पडलेल्या कंपनीचा ताफा उभा करताना काळाचेही भान ठेवावे लागते. मुंबईच्या जेट एअरवेजने १९९३ ते २०१९ या काळात ७३७ च्या जुन्या पिढीपासून -७००, -८००, -९०० आणि अखेरीस नेक्स्ट जनरेशननंतरच्या पिढीतील मॅक्स ८ पर्यंतची विमाने वापरली. त्यामुळे १९९५ च्या वेळापत्रकात नेक्स्ट जनरेशनचा कोणताही उपप्रकार बसत नाही, कारण या पिढीचे पहिले विमान, -७००, डिसेंबर १९९७ मध्ये अमेरिकेच्या साउथवेस्ट या विमान कंपनीच्या ताब्यात आले.