सागाला नंबर लागला म्हणजे झाड गेलं?

मेळघाटाच्या पायथ्याशी पानटपरीवर वर्षानुवर्षं ऐकतोय: "सागाला नंबर लागला भाऊ, आता ते गेलं समजा." संशय अगदीच हवेतला नाही, तोडीसाठीही झाडांवर खुणा करतातच. पण तोडीच्या झाडाची साल तासून त्यावर हातोड्याचा ठसा मारतात. झाडं कशी वाढतात याच्या अभ्यासासाठी निवडलेल्या झाडाला नंबर लिहिलेला ॲल्युमिनियमचा छोटा बिल्ला असतो, कारण पुढच्या खेपेला तेच झाड सापडायला हवं. ते तोडलं तर मोजणार काय, डोंबल? तामिळनाडूत मुदुमलैच्या जंगलात १९८८ पासून ५० हेक्टरच्या एका कायम तुकड्यात १ सेंमी आणि त्याहून जाड खोडांना असेच नंबर देऊन त्यांची नोंद ठेवतात.

दुसरी अफवा खोडाभोवतीच्या पट्टीची: म्हणे, तिचा झाडाला फास बसतो. एकदा जवळ जाऊन पाहा. पट्टी स्टीलची, टोकं एकमेकांवर सरकणारी, आणि ती ताणून धरायला स्प्रिंग. खोड फुगलं की पट्टी सरकते, किती सरकली ते मोजून घेतात. गंमत म्हणजे वैशाखात खोडातलं पाणी घटलं की ते किंचित आकसतं, मृगाचा पाऊस मुरला की पुन्हा फुगतं. एकाच उन्हाळ्याचं माप घेऊन 'झाड वाळतंय' म्हणाल तर फसाल. म्हणून त्याच जागी, त्याच उंचीवर, वर्षामागून वर्ष मोजतात.

काही जण रात्री बिल्ले उचकटून नेतात. त्यानं तोड थांबत नाही, त्या झाडाचा मागचा सगळा हिशेब तेवढा बुडतो.