एकत्र वाढवले, तरी मोठा मासा लहान माशाला खातोच

‘पिल्लं असल्यापासून एकत्र ठेवा, मग मासे एकमेकांना खात नाहीत.’ नवी मुंबईत माशांची पहिली टाकी घेणाऱ्याला हा सल्ला हमखास मिळतो. तो चुकीचा आहे. तोंडात मावलं की ते खाणं, इतका साधा हिशोब असतो. नाण्याएवढी एंजलफिश छोट्या निऑन टेट्रा माशांसोबत काही महिने गुण्यागोविंदाने राहते. पूर्ण वाढली की एकेक निऑन गायब होऊ लागतो. दुकानात बोटाएवढा दिसणारा ऑस्कर मासा तर पुढे २५-३० सेंमीचा होतो. म्हणून विकत घेताना आजचा नाही, पूर्ण वाढीचा आकार विचारा.

टायगर बार्ब या माशाची गोष्ट वेगळी. तो खात नाही, पण फायटर किंवा एंजलचे लांब पर कुरतडतो. दोन-तीनच ठेवले तर जास्तच; आठ-दहाच्या थव्यात बराचसा आपसांत गुंततो. तरीही लांब परांचे मासे त्याच्यासोबत नकोतच.

दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत प्रत्यक्षात साधारण ५० लिटर पाणी बसतं. त्यात आठ हार्लेक्विन रासबोरा आणि एक हनी गोरामी पुरे. गोल्डफिश नको: त्याला थंड पाणी लागतं, घाणही फार करतो. ‘काच साफ करतो’ म्हणून गळ्यात मारला जाणारा साधा सकर मासाही नको, तो फूटभर वाढतो.

नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी काढा. अमोनिया आणि नायट्राइट हे घाणीतून तयार होणारे, माशांना विषारी पदार्थ; ते पचवणारे जिवाणू टाकीत वाढून दोन्ही शून्यावर स्थिरावेपर्यंत, म्हणजे बहुधा चार ते सहा आठवडे, मासे आणूच नका.