मशीनला काय जमते, हे सॉफ्टवेअरला कसे कळू लागले

जॉब कार्डावर ‘350 जीएसएम आर्ट कार्ड, पाठपोट, कोपऱ्यात पिन’ असे लिहिलेले दिसले की जुना ऑपरेटर लगेच म्हणतो, ‘या मशीनवर हे तिन्ही एकत्र नाही व्हायचे.’ जाड कार्ड चालते (जीएसएम म्हणजे दर चौरस मीटर कागदाचे ग्रॅममधले वजन), पाठपोट चालते, पिनही चालते, पण इतके जाड कार्ड आतल्या आत उलटून पुढे फिनिशरपर्यंत, म्हणजे पिन मारणाऱ्या जोडयंत्रापर्यंत, जात नाही. ऑपरेटरच्या डोक्यातली ही माहिती सॉफ्टवेअरला वाचता येईल अशी मांडायची कशी, हा छपाईच्या ऑटोमेशनमधला सर्वांत चिवट प्रश्न आहे.

पहिले व्यवहारी उत्तर 1980 च्या दशकात अडोबीच्या पोस्टस्क्रिप्ट या पानाचे वर्णन करणाऱ्या भाषेबरोबर आले: पीपीडी, म्हणजे प्रिंटरचे वर्णन करणारी साधी टेक्स्ट फाइल. कागदाचे आकार, ट्रे, डुप्लेक्स (पाठपोट छपाई), रिझोल्यूशन सगळे त्यात असे. कोणते दोन पर्याय एकत्र निवडायचे नाहीत, हेही असे. उदाहरणार्थ, ट्रान्सपरन्सी (पारदर्शक फिल्म) आणि डुप्लेक्स. पण ही फाइल मॉडेलचे वर्णन करते, समोर उभ्या असलेल्या मशीनचे नाही. फिनिशर मागाहून बसवला, तर कॉम्प्युटरवर ‘इन्स्टॉलेबल ऑप्शन्स’मध्ये हाताने टिक करावी लागते. टिक करायची राहिली तर पिनचा पर्यायच दिसत नाही. फिनिशर काढला आणि टिक तशीच राहिली, तर जॉब सुटतो आणि पिनेशिवाय बाहेर पडतो किंवा मशीनवर अडकून बसतो.

1999 मध्ये इंटरनेट प्रिंटिंग प्रोटोकॉल, म्हणजे आयपीपी, आरएफसी (इंटरनेटविषयीचा तांत्रिक दस्तऐवज) म्हणून प्रसिद्ध झाला आणि दिशा बदलली. आता फाइल वाचायची नाही, थेट प्रिंटरला विचारायचे. त्याच्या उत्तरात कागदाविषयी दोन वेगळ्या याद्या येऊ शकतात. ‘मीडिया-सपोर्टेड’ म्हणजे मशीनला चालणारे सगळे कागद. ‘मीडिया-रेडी’ म्हणजे या क्षणी ट्रेमध्ये भरलेले. जमते काय आणि तयार काय, हा फरक करणे ही या इतिहासातली सर्वांत मोलाची पायरी आहे. जॉब आपोआप योग्य मशीनकडे पाठवणारे सॉफ्टवेअर पहिल्याच यादीवर विसंबले, तर जॉब रांगेत जातो खरा, पण पॅनेलवर ‘ट्रे 2 मध्ये कागद भरा’ असे येते आणि मागचे सगळे जॉब तुंबतात.

ऑफसेटची, म्हणजे प्लेटवरून होणाऱ्या छपाईची, वाट वेगळी होती. तिथे 1995 मध्ये प्रेस बनवणारी हायडेलबर्ग कंपनी आणि डार्मश्टाटची फ्राउनहोफर संस्था यांच्या पुढाकाराने सीआयपी3 हा गट उभा राहिला. त्याच्या पीपीएफ फाइलचा गाजलेला उपयोग म्हणजे इंक की (प्रेसच्या रुंदीत जागोजागी शाई कमीजास्त करणाऱ्या चाव्या) आधीच लावून ठेवणे. प्लेटच्या चित्राची साधारण 50 डीपीआयची छोटी प्रतिमा घ्यायची, ती इंक कीच्या रुंदीच्या, साधारण 30 मिलिमीटरच्या पट्ट्यांत तोडायची आणि प्रत्येक पट्ट्यात शाई किती लागेल ते काढायचे. मेकरेडीत, म्हणजे खरी छपाई सुरू होण्याआधीच्या जुळवाजुळवीत, वाया जाणारे शीट त्यामुळे कमी झाले. मात्र प्रतिमेची दिशा आणि प्लेटची दिशा जुळली नाही, तर डाव्या बाजूच्या की उजवीकडे उघडतात आणि फायदा होण्याऐवजी नुकसान होते. शिवाय पीपीएफ एकाच दिशेने वाहत असे. प्रीप्रेस (छपाईआधी फाइल आणि प्लेट तयार करणारा विभाग) सांगणार, प्रेस ऐकणार. आपल्याला काय जमते हे प्रेसने कळवायची सोय नव्हती.

ती सोय जेडीएफने केली. अडोबी, आग्फा, हायडेलबर्ग आणि मान रोलंड यांनी सुरू केलेले हे काम सीआयपी3 ची उत्तराधिकारी असलेल्या सीआयपी4 कडे आले आणि 2001 मध्ये पहिली आवृत्ती निघाली. जॉब टिकीट, म्हणजे जॉबच्या सूचनांची फाइल, एक्सएमएल या मजकुराच्या फॉरमॅटमध्ये, आणि सोबत जेएमएफ ही निरोपांची भाषा. एमआयएस, म्हणजे छापखान्याचे व्यवस्थापन सांभाळणारे सॉफ्टवेअर, ‘नोनडिव्हायसेस’ हा प्रश्न पाठवते आणि मशीन किंवा त्याचा कंट्रोलर स्वतःची ओळख देतो. क्षमतेचा पूर्ण तपशील मागता येईल अशी रचनाही लवकरच आली. इथेही तोच फरक भेटतो: ‘अलाउड’ किमती म्हणजे मुळात चालणाऱ्या, ‘प्रेझेंट’ म्हणजे ऑपरेटरने हात न लावता आत्ता मिळणाऱ्या. शिवाय पर्यायांच्या जोड्या तपासणारे नियमही लिहिता येतात. ऑपरेटरचे ते ‘एकत्र नाही व्हायचे’ इथे सॉफ्टवेअरच्या भाषेत उतरले.

कागदावर हे सुरेख दिसते. प्रत्यक्षात अडते ते क्षुल्लक जागी. ए4 हा 210 गुणिले 297 मिलिमीटर. आयपीपी तो मिलिमीटरच्या शतांशांत सांगते: 21000 आणि 29700. जेडीएफ पॉइंटमध्ये (इंचाचा 72वा भाग) मोजते: 595.276 आणि 841.89. जुन्या पीपीडीत तोच 595 आणि 842 असा पूर्णांकात. मधल्या सॉफ्टवेअरने आकडे तंतोतंत जुळवून पाहिले, तर ट्रेमध्ये ए4 भरलेला असूनही ‘कागद उपलब्ध नाही’ म्हणून जॉब परत येतो. म्हणून तुलना करताना एखाद्या पॉइंटची सूट ठेवावीच लागते.

दुसरी अडचण जेडीएफच्या पसाऱ्याची होती. 2004 च्या ड्युसेलडॉर्फमधल्या द्रुपा प्रदर्शनात जेडीएफचाच बोलबाला होता, पण प्रत्येक कंपनी आपल्या सोयीचा तुकडा उचलत होती आणि खाजगी टॅग जोडत होती. दोन्ही मशीन जेडीएफची, तरी एकमेकांना कळेनात, असे होई. त्यावर सीआयपी4 ने आयसीएस दस्तऐवज काढले: एमआयएस आणि प्रीप्रेस, एमआयएस आणि शीटफेड प्रेस अशा जोडीजोडीला किमान काय यायलाच हवे ते त्यांत ठरवले. मशीन घेताना ‘जेडीएफ आहे का’ हा प्रश्न अपुरा आहे; कोणत्या आयसीएसची कोणती पातळी, हे विचारावे. 2018 च्या एक्सजेडीएफने रचनाच सोपी केली. एकच टिकीट सगळ्या कारखान्यातून फिरवून जो तो त्यात भर घालणार, ही कल्पना सोडून दोन सिस्टीममधल्या देवाणघेवाणीपुरता तो मर्यादित केला.

‘प्रेझेंट’ आणि ‘रेडी’ या याद्या मात्र अजूनही बहुतेक डिजिटल मशीनवर माणसाच्या नोंदीवर चालतात. ट्रेचे गाइड आणि सेन्सर आकार ओळखतात, जीएसएम सहसा नाही. 130 जीएसएम संपला, त्याच आकाराचा 170 भरला आणि पॅनेलवर नोंद बदलली नाही, तर मशीन 130 च कळवत राहते. वर्कफ्लो 130 चा जॉब तिकडेच पाठवतो, टोनर कागदावर वितळवून बसवणारा फ्यूजर 130 च्या हिशेबाने तापतो, टोनर नीट बसत नाही आणि घडीवर पापुद्रे सुटतात. ट्रे बंद करताच कागदाचा प्रकार विचारणारी सूचना बहुतेक मशीनमध्ये असते. घाईच्या दिवसांत ती बंद करून ठेवली जाते. ती चालूच राहू द्यावी.