वायफायची यादी कोणाला अडवते?

तारकर्ली-देवबागपासून हर्णैपर्यंत कुठल्याही होमस्टेवर उतरा, पाहुणे चहाच्या आधी वायफायचा पासवर्ड विचारतात. दोन दिवसांत तो शेजारच्या वाडीतल्या पोरांनाही ठाऊक होतो. मग कुणीतरी सुचवतं, राउटरमध्ये मॅक फिल्टर चालू करा. यादीतल्या फोनांनाच आत घ्या, पासवर्डची कटकटच नको. हा सल्ला मालकानं मुळीच ऐकू नये.

मॅक ॲड्रेस म्हणजे फोनच्या वायफाय चिपचा ४८ बिटांचा क्रमांक. तो बारा चिन्हांत लिहितात. त्यातली पहिली सहा सहसा चिप किंवा फोन बनवणाऱ्या कंपनीची असतात. कुठला निरोप कुणाचा हे यंत्रांना कळावं, एवढंच त्याचं काम. ओळख पटवण्यासाठी तो बनवलेलाच नाही.

म्हणूनच तो हवेत उघडा फिरतो. आतला मजकूर डब्ल्यूपीए२ किंवा डब्ल्यूपीए३ या वायफायच्या कुलपांनी कितीही घट्ट बंद केला, तरी पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता झाकला जात नाही. मालवण बंदरात नांगरलेल्या होडीचा नोंदणी क्रमांक धक्क्यावरून कुणीही वाचतो, तसाच. आणि तो दुसऱ्या होडीवर रंगवायला एक ब्रश पुरतो! लॅपटॉपवर तर तेवढेही कष्ट नाहीत. लिनक्स या संगणक प्रणालीत दोन-तीन आज्ञा दिल्या की नवा पत्ता तयार. माडांच्या पलीकडे रस्त्यावर गाडीत बसलेल्या माणसानं थोडा वेळ हवा ऐकायची, यादीतला एक पत्ता टिपायचा आणि तो पाहुणा समुद्रावर गेला की त्याच्या जागी आत शिरायचं. राउटरला फरक कळत नाही.

पासवर्डच काढून टाकला असेल, तर आत शिरायचीही गरज उरत नाही. जुन्या पद्धतीच्या उघड्या वायफायवर मजकूर सांकेतिक होतच नाही. बँकेचं ॲप स्वतःचं कुलूप लावतं हे खरं, पण कोण कुठल्या साइटवर जातंय हे बाहेरच्याला बऱ्याचदा दिसतं. उलट चांगला पासवर्ड असेल, तर नकली पत्तेवाला तिथेच अडतो. मग फिल्टरनं जास्तीचं काय केलं?

त्रास मात्र केला, तोही भल्या पाहुण्यांना. पत्त्यावरून माणसाचा माग काढता येतो म्हणून २०१९च्या अँड्रॉइड १०पासून आणि २०२०च्या आयओएस १४पासून फोन सहसा प्रत्येक नेटवर्कला वेगळा, मनानं बनवलेला पत्ता सांगतात. (दुसरं चिन्ह २, ६, ए किंवा ई असेल, तर पत्ता बनवलेला समजा.) गेल्या मे महिन्यात यादीत घातलेला फोन यंदा नवा पत्ता घेऊन आला, तर दारातच अडतो, आणि मालक मासे तळायचे सोडून बारा चिन्हं टिपत बसतो.

त्यापेक्षा राउटरमधलं गेस्ट नेटवर्क चालू करावं, म्हणजे पाहुण्यांचे फोन घरच्या कॅमेऱ्यांपासून आणि बिलांच्या कॉम्प्युटरपासून वेगळे राहतात. त्याला लांब पासवर्ड द्यावा आणि खोली रिकामी झाली की तो बदलावा. राउटरच्या सेटिंगचा कंपनीनं दिलेला पासवर्डही त्याच वेळी बदलून टाकावा. बऱ्याच घरांत तो अजून पहिल्या दिवसाचाच असतो.